टीव्हीवरील राजकीय चर्चा : प्रेक्षकाला पूरक प्रश्नाचा हक्क का नसावा?

डिचोलीचा शिक्षक

काही वर्षांपूर्वी निवडणुकीच्या दिवसांत एका वाहिनीने आमच्या तालुक्यात उमेदवारांची जाहीर चर्चा ठेवली होती. मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. संध्याकाळी मोकळा असतो, म्हणून अर्धा तास आधीच जाऊन बसलो. मांडवात साधारण दीडशे खुर्च्या होत्या. त्यांतल्या पुढच्या रांगा आधीच भरलेल्या होत्या, कारण प्रत्येक उमेदवाराने आपापली माणसे मिनीबसमधून आणली होती. आपल्या पायांनी आलेले आम्ही लोक मागे बसलो. दीड तासाच्या कार्यक्रमात मागच्या रांगांकडे माईक दोनदाच आला आणि त्यांतला एकदा माझ्या हातात आला. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, नळाला पाणी रात्री दोननंतर येते आणि अर्ध्या तासात जाते, त्याचे काय करणार, असे मी विचारले. एका उमेदवाराने सांगितले की नव्या टाकीचे काम मंजूर झालेले आहे. टाळ्या पडल्या. पुढचे वाक्य बोलण्यासाठी मी तोंड उघडले, तोवर माईक नेणारा मुलगा तीन रांगा पुढे पोहोचला होता.

त्या उत्तरात कोठे पाणी मुरते आहे हे मला ठाऊक होते, आणि ते दाखवायला मला फक्त एक वाक्य हवे होते. ते वाक्य घेऊन मी घरी आलो.

पर्वरीच्या गोवा विधानसभेत आपले चाळीस आमदार बसतात. तेथे तारांकित प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो, त्याचे छापील उत्तर सभागृहासमोर येते आणि त्यानंतर सदस्य उभा राहून पूरक प्रश्न विचारतो. ज्यांनी हे कामकाज थेट प्रक्षेपणात पाहिले आहे त्यांना माहीत असेल की छापील उत्तर खात्याच्या अधिकाऱ्यांनी तयार केलेले असते, पण पूरक प्रश्न आला की मंत्र्यांना स्वतः बोलावे लागते. खात्याचा अभ्यास आहे की नाही हे त्याच दोन-तीन मिनिटांत उघड होते. टीव्हीवरच्या चर्चेत सामान्य प्रेक्षकाला जे मिळते ते म्हणजे तारांकित प्रश्न. पूरक प्रश्न त्याला मिळतच नाही. माझ्या मते या कार्यक्रमांतला खरा दोष आरडाओरडा हा नसून हा आहे.

पूरक प्रश्न मिळाल्यावर काय घडू शकते याचे मला ठाऊक असलेले सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडमधले आहे. २४ मे १९८३ रोजी, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, बीबीसीच्या ‘नेशनवाइड’ या कार्यक्रमात पंतप्रधान मार्गारेट थॅचर प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत होत्या. डायना गूल्ड नावाच्या एका शिक्षिकेने त्यांना ‘जनरल बेलग्रानो’ या अर्जेंटिनाच्या युद्धनौकेविषयी विचारले. ही नौका फॉकलंड बेटांसाठी झालेल्या युद्धात २ मे १९८२ रोजी ब्रिटिश पाणबुडीने बुडवली होती आणि तीत ३२३ माणसे गेली होती. नौका ब्रिटनने आखलेल्या निषिद्ध क्षेत्राच्या बाहेर होती आणि फॉकलंड बेटांपासून दूर चालली होती, मग ती का बुडवली, हा प्रश्न होता. ती दूर जात नव्हती, असे थॅचरबाईंनी सांगितले. आपल्याकडे प्रेक्षकाचे काम येथे संपले असते. गूल्डबाईंनी मात्र नौकेची दिशा अंशांमध्ये सांगितली आणि पुन्हा विचारले. उत्तर आले, त्यावर त्यांनी पुन्हा विचारले. त्यांचा आवाज चढला नाही. चार दशके झाली तरी त्या देशात हा प्रसंग आठवणीत आहे.

गोव्यात अशी व्यवस्था मागता येईल का आणि ती कशी असावी, यावर आपण येथे विचार करावा अशी माझी इच्छा आहे. कोणत्याही पक्षाची किंवा वाहिनीची उणीदुणी काढण्यासाठी हा धागा नाही.

साष्टीकर

सर, आपली तळमळ समजते, पण माझे मत उलटे आहे. प्रेक्षक बाजूला काढल्याशिवाय चर्चा सुधारणार नाही. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या स्टुडिओत अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची पहिली दूरचित्रवाणी चर्चा झाली, तेव्हा समोर प्रेक्षक बसवलेले नव्हते. पुढे अमेरिकेत सभागृहातल्या प्रेक्षकांसमोर चर्चा होऊ लागल्या. त्यांना शांत राहण्याची सूचना दिली जात असे आणि ती वारंवार मोडली जात असे. शेवटी २७ जून २०२४ रोजी अटलांटामध्ये बायडन आणि ट्रम्प यांच्या चर्चेला प्रेक्षकच ठेवले नाहीत, आणि ज्याची पाळी नाही त्याचा माईक बंद करण्याचा नियम केला. त्या रात्री दोन्ही उमेदवारांची प्रकृती, तयारी आणि सत्याशी असलेले नाते लोकांना सरळ दिसले, कारण मध्ये टाळ्यांचा पडदा नव्हता. महिना पुरा होण्याच्या आत बायडन यांनी उमेदवारी सोडली.

टाळी ही फक्त आवाज नसते. घरी बसलेल्या माणसाला ती सांगते की या उत्तराने गावाचे समाधान झाले. आपल्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरावर ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी घरातल्या हजारो लोकांचे मत त्या क्षणी ठरवून टाकले. म्हणून माझी सूचना अशी की उमेदवार, सूत्रसंचालक आणि विषयाचा एखादा अभ्यासक एवढेच स्टुडिओत असावेत.

ध्वनी_फोंडा

मी अशा कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेत बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून तांत्रिक बाजू सांगतो. माईक काढून घेतला जातो तेव्हा बहुतेक वेळा कोणाच्या मनात काही काळेबेरे नसते; व्यवस्थाच तशी मांडलेली असते.

मंचावरच्या प्रत्येक पाहुण्याच्या कॉलरला स्वतंत्र माईक असतो आणि तो पूर्ण वेळ चालू असतो. प्रेक्षकांत मात्र हातात धरायचा एकच, फार तर दोन बिनतारी माईक फिरतात. प्रश्न संपला की मिक्सरवर बसलेला माणूस त्या माईकची पट्टी लगेच खाली ओढतो, कारण तो उघडा राहिला तर स्पीकरचा आवाज त्यात शिरून शिट्टी वाजते आणि आजूबाजूची कुजबूज प्रक्षेपणात जाते. त्याच वेळी माईक नेणाऱ्या मुलाच्या कानात पुढच्या माणसाकडे जाण्याची सूचना आलेली असते. मंचाच्या दोन बाजूंना गर्दीचा आवाज टिपणारे जे माईक लावलेले असतात, ते पुढच्या रांगांच्या जवळ असतात. पुढे बसलेल्या चाळीस माणसांची टाळी म्हणूनच घरी चारशे माणसांची वाटते आणि मागच्या शंभर जणांची नापसंती ऐकूच येत नाही. सरांनी मागे बसून जे अनुभवले ते घरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेच नसणार.

साष्टीकर, माईक बंद ठेवण्याचा नियम आपल्याकडेही सहज करता येईल. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही. चार-पाच पाहुणे एकदम बोलत असताना सगळे माईक उघडे ठेवले जातात ते अज्ञानातून नव्हे. भांडणाचा तुकडा दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरतो, म्हणून ते ठेवले जातात, हे मला खेदाने सांगावे लागते.

फोंड्याची वाचक

सर, आपण शिक्षक म्हणून निवृत्त झाला आहात, म्हणून आपण विचारू शकलात. मी विचारू शकले नाही. त्याचे कारण येथे लिहिणे मला महत्त्वाचे वाटते.

२०२२ च्या निवडणुकीत गोव्यात सुमारे साडेअकरा लाख मतदार आणि चाळीस मतदारसंघ होते, म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी एकोणतीस हजारांच्या आसपास मतदार आले. महाराष्ट्रातल्या वाहिनीवर प्रेक्षकांतून कोणी उभे राहिले तर तो मंचावरच्या नेत्यासाठी अनोळखी चेहरा असतो. आपल्याकडे माणूस उभा राहण्याआधीच तो कोणाचा मुलगा, कोणत्या वाड्यावरचा आणि कोणत्या खात्यात कामाला हे मंचावर माहीत असते. मी एका चर्चेला गेले होते आणि कचरा प्रकल्पाविषयीचा प्रश्न लिहूनही नेला होता. माझा भाऊ सरकारी नोकरीत आहे. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी, अगदी आपुलकीने, मला सांगितले की भावाची बदलीची फाईल चालू असताना तू कशाला उठतेस. मी कागद पर्समध्ये ठेवला. त्या बाईंचा मला राग आला नाही, कारण त्यांनी सांगितले ते खोटे नव्हते.

म्हणून पूरक प्रश्नाचा हक्क मिळवण्याआधी पहिला प्रश्न निर्धास्तपणे विचारता येईल अशी सोय हवी. पेटीत चिठ्ठ्या टाकाव्यात आणि सूत्रसंचालकाने त्या नाव न घेता वाचाव्यात, ही जुनी पद्धत मला अजूनही सर्वांत न्याय्य वाटते.

डिचोलीचा शिक्षक

ताई, आपण लिहिलेले वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मी माझ्या निवृत्तिवेतनाच्या भरवशावर बोलत होतो, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मात्र चिठ्ठीत एक अडचण आहे. चिठ्ठी वाचणाऱ्या सूत्रसंचालकाला त्या वाड्यावरच्या नळाची वेळ माहीत नसते, त्यामुळे गोल उत्तर आले की तो पुढच्या चिठ्ठीकडे वळतो. नाव झाकले जाते, पण त्याबरोबर पूरक प्रश्नही जातो.

साष्टीकरबाब, अमेरिकेचेच एक उदाहरण आपल्यासमोर ठेवतो. १५ ऑक्टोबर १९९२ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड येथे बुश, क्लिंटन आणि पेरो या तिघांची चर्चा झाली, आणि तीत प्रश्न विचारणारे लोक मुद्दाम असे निवडले होते की ज्यांनी कोणाला मत द्यायचे हे ठरवलेले नव्हते. एका तरुणीने विचारले की राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला आहे. अध्यक्ष बुश व्याजदरांविषयी बोलू लागले. तिने त्यांना थांबवून, तुमच्यावर वैयक्तिक परिणाम काय झाला, असे पुन्हा विचारले. बुश यांना प्रश्न नीट उमगला नाही, आणि तिला मंदीविषयी विचारायचे आहे हे शेवटी सूत्रसंचालिकेला स्पष्ट करावे लागले. क्लिंटन मात्र तिच्याजवळ चालत गेले आणि तुझ्यावर काय परिणाम झाला ते मला पुन्हा सांग, असे त्यांनी तिलाच विचारले. प्रेक्षक नसते तर दोन उमेदवारांमधला हा फरक कोणत्या अभ्यासकाने बाहेर काढला असता? आपला आक्षेप टाळ्यांना आहे, आणि तो मला मान्य आहे. प्रश्नकर्त्यालाही त्यांच्याबरोबर बाहेर काढू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

अंत्रुजकर

आपल्याकडच्या प्रेक्षकाला प्रश्न विचारता येत नाही असे कोणी समजू नये. एखाद्या रविवारच्या ग्रामसभेला जाऊन पाहावे. राज्यात १९१ पंचायती आहेत आणि बांधकाम परवाना, डोंगरकापणी किंवा शेतजमिनीचे रूपांतर असा विषय असला की सरपंचांना घाम फुटतो. सर्व्हे क्रमांकासह प्रश्न येतात, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायला लावले जाते, ठराव चुकीचा लिहिला असेल तर तो तेथल्या तेथे दुरुस्त करून घेतला जातो. उत्तर मिळाल्याशिवाय माणूस खाली बसत नाही. तोच माणूस टीव्हीच्या मांडवात गेला की टाळ्या वाजवणारा का होतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ग्रामसभेत तो सभासद म्हणून, हक्काने येतो. तेथे त्याचे बोलणे इतिवृत्तात जाते. टीव्हीच्या मांडवात तो कोणाचा तरी पाहुणा असतो आणि ज्याने बस केली, चहा दिला त्याचे मिंधेपण घेऊन बसतो.

आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, जत्रेला गावचे लोक नाटक करतात. समोरचा प्रेक्षक रात्रभर बसतो, नट वाक्य विसरला तर त्याला ओळखता येते, आणि आपल्या घरचा मुलगा रंगमंचावर असला तरी चुकलेल्या प्रवेशाला तो दाद देत नाही. असा जाणता प्रेक्षक ज्या भूमीत आहे तेथे भाड्याच्या टाळ्यांवर चर्चा चालावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट इतिहासातली. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश राहावा यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला, तेव्हा टीव्ही नव्हता. वृत्तपत्रे, कोपरा सभा आणि घरोघरचे वाद यांवर सगळे चालले. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. म्हणजे फरक ३४,०२१ मतांचा होता, आणि मतदान जवळजवळ ८२ टक्के झाले. आमच्या घरातले थोर लोक फुलाच्या बाजूचे होते आणि त्यांना झालेले दुःख मी लहानपणी ऐकले आहे. पण त्याच घरात एक गोष्ट आदराने सांगितली जाई. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून विरोधकांनी सरकारच्या राजीनाम्याची मागणी केली होती आणि भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार डिसेंबर १९६६ मध्ये, मतदानाआधी, पायउतार झाले. ज्याला लोकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे आहे त्याच्या हातात मांडवाची व्यवस्था नसावी, हे तत्त्व आपल्या भूमीने एकदा पाळलेले आहे. आज चर्चेच्या प्रेक्षकांची यादी उमेदवारांच्या कार्यालयांतून येते, तेव्हा नेमके त्याच्या उलट घडते.

काणकोणकर

भाषेचा मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्याकडे प्रश्न कोकणीतून किंवा मराठीतून येतो आणि अडचणीचा असला की उत्तर अचानक इंग्रजीत सुरू होते. धोरण, केंद्राची योजना, टक्केवारी असे शब्द दोन मिनिटे ऐकू येतात आणि विचारणारी वृद्ध बाई मान हलवून खाली बसते. ज्या भाषेत प्रश्न आला त्याच भाषेत उत्तर द्यावे, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ फरक पडेल. हा नियम मोडला तर सूत्रसंचालकाने थांबवावे.

साष्टीकर

सर, रिचमंडचे उदाहरण मी विसरलो होतो. प्रश्नकर्ता आणि टाळ्या वाजवणारा यांत फरक करायला हवा, हे मी मान्य करतो. अंत्रुजकरांनी ग्रामसभेविषयी लिहिले त्यामुळे माझे मत आणखी बदलले.

पण पूरक प्रश्न मिळाला तरी तो कसा विचारायचा हे शिकावे लागेल, आणि त्यासाठी आपल्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत दुखरा विषय घेतो. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रॉस आणि बेतीचा दर्गा येथे नेऊन पक्षांतर न करण्याची शपथ देण्यात आली. १० मार्चला निकाल लागला, अकरा जण निवडून आले आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. निवडणुकीच्या काळात अनेक चर्चांमध्ये उमेदवारांना विचारले जात होते की तुम्ही पक्ष सोडणार का. प्रत्येकाने नाही म्हटले आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या.

हा प्रश्नच कच्चा होता. संविधानाचे दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, १९८५ मध्ये आले. एक तृतीयांश सदस्यांनी फुटण्याची सोय २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली, पण परिच्छेद ४ मधली दोन तृतीयांश सदस्यांनी विलीन होण्याची सोय राहिली. पंधरांतले दहा आणि अकरांतले आठ हे आकडे त्याच हिशेबात बसतात. म्हणून पूरक प्रश्न असा हवा होता: दोन तृतीयांश सहकाऱ्यांनी विलीनीकरणाचे ठरवले तर तुम्ही उरलेल्या एक तृतीयांशात बसाल का, आणि परिच्छेद ४ काढून टाकावा अशी मागणी तुमचा पक्ष करील का? याला नुसते नाही म्हणून सुटता येत नाही. ज्या पक्षात आमदार गेले त्या पक्षाच्या उमेदवारालाही हाच प्रश्न उलट बाजूने विचारता येतो: असे आमदार आले तर तुम्ही त्यांना दाराबाहेर ठेवाल का?

पणजीचा वकील

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो, कारण मागणी कोणाकडे करायची हे ठरवताना ती उपयोगी पडेल.

खासगी वाहिनीवर चर्चेचे प्रेक्षक कसे निवडावेत याविषयी स्वतंत्र कायदा नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स अधिनियम, १९९५ आणि त्याखालची कार्यक्रम संहिता आशयाविषयी आहे; खुर्च्या कोणी भरल्या याविषयी नाही. निवडणुकीच्या काळात पैसे घेऊन दिलेल्या बातम्यांवर लक्ष ठेवण्यासाठी जिल्हा आणि राज्य पातळीवर प्रमाणन व देखरेख समित्या असतात. एखादी चर्चा पैसे देऊन एका उमेदवाराच्या प्रचारासाठी घडवून आणली असेल, तर त्यांच्याकडे तक्रार करता येते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १२६ सांगते की मतदान संपण्याच्या ठरलेल्या वेळेआधीच्या ४८ तासांत निवडणूकविषयक मजकूर टीव्हीवर दाखवता येत नाही. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणजे चर्चा ठेवायची असेल तर तारीख आधीच पाहावी लागेल.

सार्वजनिक प्रसारकाची गोष्ट निराळी आहे. दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना विनामूल्य वेळ देण्याची योजना १९९८ पासून चालू आहे आणि तीत पक्षांच्या प्रतिनिधींची सामूहिक चर्चा घेण्याची तरतूदही असते. मागणी करायचीच असेल तर ती तेथून सुरू करणे मला योग्य वाटते, कारण तेथे जाहिरातदाराचा दबाव कमी असतो. आपल्या दूरदर्शनने १९८५ मध्ये ‘जनवाणी’ हा कार्यक्रम केला होता. विनोद दुआ त्याचे सूत्रसंचालन करीत आणि सामान्य नागरिक मंत्र्यांना समोरासमोर प्रश्न विचारीत. देशात तेव्हा दूरदर्शन ही एकच वाहिनी होती आणि ती सरकारच्या ताब्यात होती, तरीही ते घडले. आज शेकडो वाहिन्या असताना ते अशक्य आहे असे मी मानत नाही.

ध्वनी_फोंडा

सगळ्यांचे वाचून मला जे करण्यासारखे दिसते ते लिहितो. प्रश्नकर्त्यांसाठी प्रेक्षकांत एका ठिकाणी उभा स्टँड ठेवावा आणि त्यावर माईक पक्का बसवावा. माईक माणसाकडे नेण्याऐवजी माणसाने माईककडे यावे. मग माईक काढून नेता येत नाही, आणि स्पीकर त्याच्यापासून दूर वळवले की शिट्टीही वाजत नाही. प्रश्नकर्ता उत्तर संपेपर्यंत स्टँडपाशी उभा राहील आणि मिक्सरवरची पट्टी तो जागेवर परतल्यावरच खाली येईल. गर्दीचे माईक प्रक्षेपणातून काढून टाकले की साष्टीकरांची टाळ्यांची अडचणही बरीच दूर होते. मांडवात टाळ्या वाजल्या तरी त्या घरी फारशा ऐकू जाणार नाहीत. या सगळ्याला खर्च जवळजवळ नाही.

फोंड्याची वाचक

स्टँडची कल्पना मला आवडली, पण मी त्या स्टँडपाशीही जाणार नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत.

सर, आपण म्हणालात की चिठ्ठीबरोबर पूरक प्रश्न जातो. त्यावर मी दोन दिवस विचार केला. चिठ्ठीवर दोन भाग करता येतील. वरच्या भागात प्रश्न लिहायचा. खालच्या भागात, साधारण कोणते उत्तर मिळेल आणि ते मिळाले तर पुढे काय विचारावे, हे लिहून तो भाग दुमडायचा. विचारणारीला सहसा उत्तर आधीच ठाऊक असते, कारण तेच उत्तर तिला पंचायतीत, कार्यालयात आणि आमदारांच्या घरी मिळालेले असते. सूत्रसंचालकाने दुमडलेला भाग उत्तर मिळाल्यावरच उघडून वाचायचा. स्टँडपाशी वाचण्यासाठी एखादी निवृत्त शिक्षिका किंवा बाहेरच्या तालुक्यातला माणूस नेमला तरी चालेल. आमच्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही अशा चिठ्ठ्या लिहून पाहणार आहोत. माझी कचरा प्रकल्पाची चिठ्ठी मी आजच लिहिली आहे. जमल्या तर त्या येथे, नावे काढून, देईन.

एक विचारायचे राहिले. आपला पूरक प्रश्न काय होता, हे आपण कोठेच लिहिले नाही.

डिचोलीचा शिक्षक

ताई, दुमडलेल्या चिठ्ठीवर मला काही जोडायचे नाही. बैठकीला वाचणारा माणूस हवा असेल तर मी डिचोलीहून फोंड्याला येईन. तेथे मला कोणी ओळखत नाही.

माझा प्रश्न साधा होता. आमच्या वाड्याच्या वळणावर, सातेरीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला, त्या टाकीच्या भूमिपूजनाचा दगड आहे. तो चर्चेच्या चार वर्षे आधी बसवला होता, त्यावर तारीख आहे आणि उत्तर देणाऱ्या उमेदवारांचे नावही आहे. मला त्यांना विचारायचे होते की जी टाकी आज मंजूर झाली असे आपण सांगता, ती त्या दगडाखालचीच टाकी आहे की दुसरी. आणि तीच असेल तर मधल्या चार वर्षांत तिची मंजुरी कोणी व का काढून घेतली?